कळवायचं कोणाला

आबा, त्या सकाळी मी नळावर दुसरी कळशी भरून तिसरी लावली होती. पाणी बारीक येत होतं. आई लावणीसाठी गावी गेल्याला पंधरा दिवस झाले होते आणि घर माझ्या हातात होतं, म्हणजे बारा वर्षांच्या मुलीच्या हातात जितकं घर मावतं तितकं. भात स्टोवर चढवून आले होते, सुकट भाजून झाकून ठेवली होती, तुमचा गिरणीतला सदरा बादलीत भिजत होता. तुम्ही रातपाळी करून आला होतात आणि तोंडावर टॉवेल घेऊन भिंतीकडे वळून निजला होतात. तारवाला जिना चढून आला, आपल्या खोलीचा नंबर विचारला. मी म्हटलं, "आमचीच." त्याने पुढे केलेल्या कागदावर मी ओल्या हाताने सही केली, पूर्ण नाव, आडनावासकट. मग तार उघडली. इंग्रजी होती. मला एबीसीडी म्हणता येत होती, पण अक्षरं एकमेकांना चिकटली की त्यांचं काय होतं ते कळत नव्हतं. मी कागद उजेडाकडे धरला, जणू उजेडात मराठी होईल. तिकडे कळशी भरून वाहायला लागली आणि मागची बाई ओरडली, "ए बये, पाणी चाललंय!" मी कळशी उचलली, ती नीट कोपऱ्यात ठेवली, आणि मग तुम्हाला उठवलं.

तुम्ही तार घेऊन वरच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे गेलात. सगळ्या चाळीच्या तारा तेच वाचायचे. परत आलात तेव्हा तुमचा चेहरा मला तसाच दिसला, झोपमोड झालेल्या माणसाचा. म्हणालात, "तुझी आवस सिरीयस आसा. गावाक जावक होया. भात उतरून ठेव." तो भात आपण कोणाला दिला ते आठवत नाही. परळच्या डेपोतून एसटी धरली. फाटकाशी फळवाला बसला होता. मी म्हटलं, आजारी माणसाला मोसंबी लागतात. तुम्ही काही न बोलता सहा मोसंबी घेतलीत. पनवेल गेलं, मी बडबडत होते. आईला रस कसा काढून देईन, मामीला कसं शेतावर पाठवीन, गणपतीपर्यंत आई कशी उठून बसेल. महाडला गाडी थांबली, तुम्ही मला दोन बटाटेवडे आणून दिलेत, स्वतः काही खाल्लं नाहीत. मी दोन्ही खाल्ले. गाडी सुटल्यावर पुन्हा बोलायला लागले तर तुम्ही केवढ्याने ओरडलात, "गप रव! एकदम गप!" सगळी एसटी वळून बघायला लागली. मी रडले. आईसाठी नाही, तुम्ही चारचौघांत ओरडलात म्हणून. वाडीच्या तोंडाशी माणसं उभी होती आणि त्यांनी मला बघून तोंड फिरवलं, तेव्हा मोसंब्यांची पिशवी माझ्याच हातात होती.

ती तार मला तीन वर्षांनी तुमच्या ट्रंकेत सापडली. तोवर मी औषधांच्या बाटल्यांवरची, काडेपेटीवरची, पुड्याच्या कागदावरची इंग्रजी अक्षरं जुळवायला शिकले होते, कोणी शिकवल्याशिवाय. त्यात 'सिरीयस' नव्हतंच. 'एक्स्पायर्ड' होतं. वाचनालयातल्या डिक्शनरीत मी तो शब्द शोधला, उभ्यानेच, आणि डिक्शनरी परत जागेवर ठेवली. म्हणजे मास्तरांनी तुम्हाला खरं सांगितलं होतं. मास्तरांच्या खोलीपासून आपल्या खोलीपर्यंत येताना, एका जिन्यात, तुम्ही ते बदललंत. मला हसू दिलंत, वडे खाऊ दिलेत. मी तुम्हाला कधीच विचारलं नाही. तुम्हीही ट्रंक कोणी उघडली ते विचारलं नाहीत. मात्र त्या आठवड्यात तुम्ही वाचनालयाची वर्गणी भरून कार्ड माझ्या हातात दिलंत, "वाच काय ता," एवढंच म्हणून. मी वाचत सुटले ते आजपर्यंत. लोक म्हणतात हिला वाचनाची आवड आहे. आवड नाही ती, आबा. माझ्या हातात आलेला कागद दुसऱ्याने वाचून मला सांगायचा, हे मला पुन्हा होऊ द्यायचं नव्हतं.

तेव्हापासून मी संशयी झाले. घरात मला तसंच म्हणतात, म्हणू देत. माणूस नेहमीपेक्षा गोड बोलायला लागला की माझे कान उभे राहतात. गेले दोन महिने तुमची नात माझ्याशी गोड बोलते आहे.

तुम्ही गेलात तेव्हा ती तीन वर्षांची होती, तुमच्या मांडीवर बसून तुमचा चष्मा ओढायची. आता तेहतीस वर्षांची आहे, दादरला एका डिझाइनच्या ऑफिसात आहे आणि मोटारसायकल चालवते. मोटारसायकल म्हणजे तुमच्या वेळची फटफट नाही. म्हशीएवढी आहे. आपली चाळ पाडून तिथे बिल्डिंग झाली, मी अकराव्या मजल्यावर राहते, तुमचे जावई जाऊन चौदा वर्षं झाली. लालबागच्या मार्केटवरून मसाल्याचा खकाणा मात्र अजून वरपर्यंत येतो. तर या बाईने ठरवलं आहे, सहा बाइक आणि सात माणसं, पाच दिवस, डोंगरातून. हायवे सोडायचा आणि कोयनेच्या पाण्याच्या कडेने, मग चांदोलीच्या बाजूने, आंबा घाट, दाजीपूरचं जंगल, असं करत खाली आंबोलीला उतरायचं. मी विचारलं, "सरळ रस्ता आहे ना? एसटी जाते, गाड्या जातात." म्हणाली, "सरळ जायचं असतं तर एसटीनेच गेले असते, आई." आणि माझ्या पानात न मागता दुसऱ्यांदा बोंबलाचं कालवण वाढलं. तिथेच मला वास आला.

त्यांच्या बैठका रविवारी सकाळी आमच्याकडेच होतात, कारण बाकी कोणाच्या घरी सात माणसं मावत नाहीत किंवा मावू देत नाहीत. त्यांचा म्होरक्या एक चाळीशीचा माणूस आहे, परळला गॅरेज आहे त्याचं. सगळे त्याला कॅप्टन म्हणतात. फणसवाडीचा एक दातांचा डॉक्टर आहे, तो सारखा बोलतो. पहिल्याच रविवारी मला म्हणाला, "काकी, घाबरू नका, रस्त्यात कोणाचे दात पडले तर मी आहेच." मी म्हटलं, "आणि तुमचे पडले तर?" तेव्हा कॅप्टन पहिल्यांदा हसला. इतर वेळी तो हसत नाही. जमिनीवर मोठा नकाशा पसरतो आणि बोट ठेवून एकेक टप्पा सांगतो. पेट्रोल पंप कुठे आहे आणि त्यानंतर किती अंतर नाही. कुठे पावसाळ्यानंतर रस्त्याच्या सावलीच्या बाजूला शेवाळ राहतं. कुठे संध्याकाळी गवे रस्त्यावर येतात, तेव्हा हॉर्न वाजवायचा नाही, इंजिन चालू ठेवून थांबायचं. पंक्चरचं सामान कोणाकडे, क्लचची वायर कोणाकडे. अंधार पडल्यावर कोणीही चालवायचं नाही, मुक्काम गाठला नसेल तर अलीकडच्या गावात थांबायचं. फाटा आला की पुढच्याने उभं राहायचं, मागचा नजरेला पडेपर्यंत हलायचं नाही. "आपल्याला पुढच्याची काळजी नाही करायची," तो म्हणतो, "प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्याची करायची." तुमची नात सगळ्यांत शेवटी राहणार आहे, औषधांची पेटी घेऊन. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मनात म्हटलं, मग तिच्या मागे कोण?

हा कॅप्टन मला पटत होता, आणि म्हणूनच पटत नव्हता. बाकी पोरं "काही होत नाही हो काकी" म्हणतात, त्यांचं मला काही वाटत नाही, सगळेच तसं म्हणतात. हा कधीच म्हणाला नाही. मी चहा घेऊन गेले आणि नकाशावर बोट ठेवून विचारलं, "इथे ही रेघ तुटक का आहे?"

"तिथे डांबर संपतं काकी."

"आणि फोन लागतो का?"

"साधारण चाळीस किलोमीटर नाही लागत."

"मग काही झालं तर घरी कसं कळतं?"

तो काही बोलणार होता. पण तुमची नात त्याच्याकडे बघत होती. त्याने खाली बघितलं आणि म्हणाला, "त्याची सोय असते." ती नजर मी पकडली. दातांचा डॉक्टर लगेच चहाचं कौतुक करायला लागला, आलं घातलंय का, किती छान, आमच्याकडे असा होत नाही. मी ट्रे घेऊन आत आले. एवढ्या माणसांनी मिळून माझ्या चहाचं कौतुक केलं की समजायचं.

त्यानंतर मी काय काय केलं ते तुम्हाला सांगते, लपवत नाही. तिची बॅग बघितली. जंगलातल्या मुक्कामाच्या बुकिंगचे कागद वाचले, खोल्या मोजल्या, बायका किती आणि पुरुष किती ते बघितलं. सरबत न्यायचं निमित्त करून कॅप्टनच्या गॅरेजवर गेले आणि तिथल्या भिंतीवर लावलेले जुन्या सहलींचे फोटो एकेक करून बघितले. प्रत्येक सहलीत माणसं निघताना जितकी तितकीच परतताना आहेत का, ते मोजलं. सगळ्यांत मोजणी जुळली. एका फोटोत एकाच्या हाताला प्लॅस्टर होतं. मी त्याबद्दल विचारलं तर कॅप्टन म्हणाला, "तो मीच." मला वाटलं हे लोक काहीतरी वेगळंच लपवताहेत. लग्न करणार असेल गुपचूप. नोकरी सोडणार असेल. तिकडेच कुठे राहायचं ठरवलं असेल. रस्त्याची भीती मला नव्हती असं नाही, पण रस्ता निदान नकाशावर दिसत होता.

मग गेल्या बुधवारी फॉर्म आला. चार पानी, इंग्रजीत, बारीक अक्षरात. ती ऑफिसला गेली आणि तो टेबलावर राहिला. मी चष्मा लावला, कणीक मळायची तशीच ठेवली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसले. रक्तगट, ॲलर्जी, विमा, स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे, वगैरे. तिसऱ्या पानावर होतं, अपघात झाल्यास कोणाला कळवावे. दोन ओळी होत्या, पहिला नंबर आणि दुसरा नंबर. पहिल्या ओळीत एका पुरुषाचं नाव आणि माटुंग्याचा पत्ता. दुसरी ओळ कोरी. खाली घरच्या माणसाची सही, तिथे पेन्सिलने बारीक फुली मारून ठेवलेली, माझ्यासाठी. म्हणजे सही माझी चालते, नंबर चालत नाही. मी ते नाव तीनदा वाचलं. कधी ऐकलं नव्हतं. ते सहलीच्या सात जणांतलं नव्हतं, बैठकांना आलेलं नव्हतं. चौदा वर्षं या मुलीच्या आजूबाजूला मी एकटी आहे आणि तिने कळवायला माटुंग्याचा माणूस निवडला.

मी नंबर लावला. दोनदा वाजून उचलला आणि पलीकडून आवाज आला, "हां काकी, बोला."

म्हणजे माझा नंबर त्याच्याकडे होता. नावासकट.

मी म्हटलं, "तुम्ही कोण?"

"मी... तिच्या ऑफिसात आहे काकी. तिच्या शेजारच्या टेबलावर." माणूस दाक्षिणात्य असावा, मराठी चांगली होती, पण प्रत्येक शब्द पुसून ठेवल्यासारखा.

"तुम्ही जाताय का त्यांच्याबरोबर?"

"नाही नाही. मला सायकलवरपण चक्कर येते. मी कार चालवतो फक्त."

"मग फॉर्मवर तुमचं नाव कसं?"

मागे ऑफिसातले फोन वाजत होते. मग म्हणाला, "तिला असा माणूस पाहिजे होता की जो पंधरा मिनिटांत पोचेल."

"कुठे पोचेल?"

"तुमच्याकडे."

"पोचून काय करेल?"

"तुम्हाला गाडीत घेऊन जाईल. जिथे असेल तिथे. काकी, हे सगळं फक्त फॉर्मॅलिटी आहे, मी रोज देवळात जातो, काही होणार नाही."

"आणि दारात येऊन मला काय सांगायचं ठरलंय?"

"ते तुम्ही तिलाच विचाराल का?"

"मी तुम्हाला विचारतेय."

त्याने पाठ केल्यासारखं म्हटलं, "'सिरीयस आहे, चला.' तेवढंच. गाडीत आणखी काही बोलायचं नाही, असं तिने सांगितलंय."

आबा, मी फोन ठेवला आणि कणकेत हात घातला, पण पाणी घालायला विसरले होते.

तो शब्द तिला कुठून मिळाला ते मला ठाऊक होतं. माझ्याकडूनच. हे मी तुम्हाला आजवर मनातल्या मनातही सांगितलेलं नाही. तुमचे जावई भायखळ्याच्या प्रेसमध्ये मशीनवर उभे होते तेव्हा कोसळले. प्रेसवाल्यांनी मला फोन केला आणि एका वाक्यात सांगून टाकलं, काकू या, ते गेले. लपवायची पद्धत त्या पोरांना ठाऊक नव्हती. मी दवाखान्यात पोचले. तुमची नात तेव्हा एकोणीस वर्षांची होती, कॉलेजच्या कॅम्पला मुरबाडच्या बाजूला गेलेली. तिला फोन लावायचा होता. मी, जिने ती तार वाचल्यावर शपथ घेतली होती की माझ्या घरात असं कधी होणार नाही, त्या मी तिला म्हटलं, "पप्पा सिरीयस आहेत. निघ." तिने विचारलं, "शुद्धीवर आहेत का?" मी म्हटलं, "हो." तीन तासांनी ती जिना धावत चढून आली. तिने मला काही विचारलं नाही, बाकावर माझ्या शेजारी बसली. त्याविषयी आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. आता वाटलं, चौदा वर्षांनी ती त्याचे पैसे चुकते करते आहे. मी तिला खोटं सांगितलं, तर ती मला खोटं सांगायची व्यवस्था करून निघाली आहे.

ती आली तेव्हा मी दिवाही लावला नव्हता. ती हेल्मेटची काच पुसत बसली.

मी म्हटलं, "माटुंग्याला फोन केला होता मी."

"कळलं. त्याने लगेच सांगितलं मला. घाम फुटलाय बिचाऱ्याला. विचारत होता, तुझी आई पोलिसात होती का?"

"परक्या माणसाला आधी कळणार आणि मला नंतर?"

"हो."

"मी तुझी आई आहे. मला आधी कळलं पाहिजे."

"का?"

"का म्हणजे? हक्क आहे माझा."

"पप्पांचं तुला आधी कळलं. काय केलंस त्या हक्काचं? तीन तास त्या बाकावर एकटी बसलीस. आत्याला फोन केला नाहीस, शेजारी कोणाला बोलावलं नाहीस. मी आले तेव्हा तुझ्या हातात त्यांच्या चपला होत्या, आई. एवढा वेळ धरून होतीस."

चपलांचं मला आठवत नव्हतं. मी म्हटलं, "मी तुला खोटं सांगितलं, त्याचा राग आहे तुला. सरळ सांग ना. मीही माझ्या बापावर हाच राग धरून बसले आहे. राग असला की असतो."

तिने हेल्मेट खाली ठेवलं. "राग? तुला असं वाटत होतं, एवढी वर्षं?" मग ती हसली, आणि हसताना तिचे डोळे भरले ते तिने पुसलेही नाहीत. "कॅम्पच्या जीपमध्ये मी सगळं ठरवलं होतं. पप्पांची प्रेस बंद. मीठ बंद. सकाळी त्यांना घेऊन मी मैदानात तीन चकरा मारणार, ते कटकट करणार, मी ऐकणार नाही. त्यांना पेपर वाचून दाखवायचा, खेळाचं पान आधी. जीपमध्ये एकटीच हसत होते मी. तीन तास माझे पप्पा दवाखान्यात होते आणि मी त्यांची काळजी घेत होते. ते तीन तास माझे आहेत. तू दिलेस ते. तुला कोणी दिले नाहीत. म्हणून मी ठरवलं, तुलापण मिळाले पाहिजेत."

"किती तास मिळणार होते मला?"

"दाजीपूर धरलं तर नऊ तास. ट्रॅफिक असला तर जास्त." ती नाक ओढत म्हणाली, "त्याची गाडी एसी आहे."

"आणि तो नऊ तास माझ्या शेजारी तोंड मिटून बसणार?"

"तो बसतो. ऑफिसात सगळ्यांत गप्प तोच आहे, म्हणून त्याला निवडला. पण तू त्याला छळशील. तू त्याला पनवेलपर्यंतच फोडशील."

मी म्हटलं, "पनवेलच्या आधी."

खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टूंटूं आवाज येत होता. मला त्या माटुंग्याच्या माणसाचं वाईट वाटायला लागलं. तो स्टीअरिंग धरून बसलेला, त्याला सगळं ठाऊक, आणि शेजारी मी विचारणार, शुद्धीवर आहे का, काही खाल्लं का तिने, हाड मोडलं असेल तर कुठल्या हॉस्पिटलात आणायचं. आणि तो काचेतून समोर बघत राहणार. किती वेळ धरून ठेवेल माणूस? महाडपर्यंत? मग एखाद्या वेळी ओरडेलच तो माझ्यावर. हे मी तुम्हाला समजलंय म्हणून सांगत नाही. मला अजून पटलेलं नाही. माझी मुलगी एकोणीस वर्षांची होती, मी बाराची होते; तिला ते तास पुरले, मला तर ते वडे आजही घशात अडकतात. तिने जे घेतलं ते मी दिलं असं ती म्हणते, पण मी काही देत नव्हते. माझ्या तोंडून खरं निघत नव्हतं, एवढंच. तुमचंही तसंच होतं का, हे मी तुम्हाला विचारायला हवं होतं. तुम्ही ट्रंकेपाशी बसलेले असताना, हातात ती तार घेऊन मी तुमच्या समोर उभं राहायला हवं होतं. मी वाट बघत राहिले की तुम्ही बोलाल. तुम्ही बहुतेक वाट बघत होतात की मी विचारीन.

जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "फॉर्म उद्या कॅप्टनला द्यायचाय. घरच्यांची सही नसेल तर तो नेत नाही, लीड असो नाहीतर स्वीप. तुला तो नंबर खोडायचा असेल तर खोड. तुझा वर लिही. मी बघणार नाही, विचारणारपण नाही." स्वीप म्हणजे सगळ्यांत मागचा. मी म्हटलं, "सही केलीच नाही तर?" ती म्हणाली, "तर पुढच्या रविवारी बाकीचे निघतील, मी घरी बसेन आणि तू रोज माझं तोंड बघशील." धमकी होती ती. पण गोड नव्हती, म्हणून मला बरं वाटलं.

हे पत्र मी शनिवारपासून लिहिते आहे, थोडं थोडं, भाजी निवडून झाली की. पोस्टात टाकायचा प्रश्न नाही, आणि तिच्या हाती लागू नये म्हणून मी ते तांदळाच्या डब्यामागे ठेवते, कारण तीही माझीच मुलगी आहे, दिसलेला कागद वाचल्याशिवाय राहायची नाही. तो माटुंग्याचा माणूस तिचा नुसता शेजारच्या टेबलावरचा आहे का, याचाही मला अजून संशय आहे. इतका मोठा विश्वास नुसत्या टेबलावर ठेवत नाहीत. ते नंतर बघीन. त्या बोलण्यानंतर मी मनात पक्कं केलं होतं, आबा, की सकाळी उठून तो नंबर खोडायचा. मला कळायचं तर सरळ, एका वाक्यात, मधे कोणी नको. एवढी वर्षं मी तेच मागत आले.

दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेल्यावर मी चष्मा लावला, तिसरं पान काढलं, पेन्सिलच्या फुलीवर सही केली आणि माझा नंबर दुसऱ्या ओळीत लिहिला. पहिली ओळ होती तशी राहू दिली.